सेफारिया: याकोबाच्या अंथरुणापाशी नेणारं फुकट ग्रंथालय

इस्राएलींचा मूळपुरुष याकोब याचे शेवटचे दिवस ज्यू परंपरा कसे वाचते हे समजून घ्यायला नुसतं बायबल पुरत नाही, भाष्यं लागतात. सेफारियाच्या संकेतस्थळावर आणि अॅपवर ती विनामूल्य आहेत. उत्पत्ति ४७:२८ ते ५०:२६ हा 'वायेखी' पाठ (तोराच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या, साप्ताहिक वाचनाचा एक भाग) उघडून एखाद्या वचनावर टिचकी मारा; राशी आणि रामबान हे मध्ययुगीन भाष्यकार, मिद्राश (वचनांवरची जुनी विवरणं), तालमूद (रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ) अशी यादी उघडते. सगळ्यांना हात घातलात तर गोंधळ उडेल. आधी एकटा राशी वाचा.

४९:३३ घ्या. याकोब पाय बिछान्यात आवरून घेतो, प्राण सोडतो. पण 'मेला' हा शब्द तिथे नाही. राशी नेमकं तेच पकडतो आणि 'आमचा पिता याकोब मेला नाही' हे तालमुदातलं वचन पुढे करतो. तिथून तालमुदाच्या 'तानीत' या भागातल्या पान ५ब वर जा. मग शोक करणाऱ्यांनी, मसाला भरणाऱ्यांनी, पुरणाऱ्यांनी ते सगळं उगाच केलं का, असा रोकडा सवाल तिथे येतो. उत्तर असं, की वंशज जिवंत तर तोही जिवंत. वारशाबद्दल एवढ्या थोडक्यात क्वचितच कोणी बोललं असेल! ही उडी छापील पुस्तकांत मारायची तर टेबलावर दोन-तीन जाडजूड खंड लागतात.

खटकतं ते असं. ४८:१४ मध्ये याकोब एफ्राईम आणि मनश्शे या नातवंडांवर हात ठेवतो, तिथलं इंग्रजी भाषांतर हात 'एकमेकांवरून आडवे' ठेवल्याचं सांगतं. राशी मात्र ओंकलोसच्या जुन्या अरामी भाषांतराला धरून 'समजून-उमजून ठेवले' असा अर्थ लावतो. भाषांतरावर थांबलात तर याकोब नुसता आंधळा म्हातारा उरतो. दुसरं, राशी विचारतो, हा पाठ 'बंद' का? तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत या पाठाआधी नेहमीची नऊ अक्षरांची जागा सुटत नाही, जेमतेम एका अक्षराची सुटते. पडद्यावर वचनं क्रमांकांनी सुटी पडतात, म्हणून प्रश्नच कळत नाही. स्वयंसेवकांची भाषांतरंही कमीजास्त दर्जाची आहेत; भाषांतरकाराचं नाव पाहून घ्यावं.

मेनू इंग्रजी किंवा हिब्रू. बेने इस्राएल (मराठी ज्यू) वाचकांनी मराठी बायबल शेजारी ठेवावं; या चार अध्यायांत वचनांचे क्रमांक जुळतात.

४८:२० वरचा 'एफ्राईम व मनश्शे' आशीर्वाद मुलग्यांना शुक्रवारी रात्री देतात. शब्बाथ (साप्ताहिक विश्रांतीचा दिवस) पाळणाऱ्या घरात तेव्हा फोन बंद असतो, त्यामुळे तेवढा मजकूर दुपारीच कागदावर उतरवून घ्या.