जुळे सोलापुरातील नेटवर्क मार्केटिंगचा एक प्लॅन : जॉइनिंगपूर्वी केलेले परीक्षण

शाळेचे गणवेश घरी शिवून देणारी माझी भाची गेल्या महिन्यात ९,६०० रुपये घेऊन माझ्याकडे आली. ही रक्कम तिने ओव्हरलॉक मशीनसाठी साठवली होती आणि आता ती एका नेटवर्क मार्केटिंग (सभासदांनी माल विकायचा आणि आपल्याखाली नवे सभासद जोडायचे) कंपनीच्या स्टार्टर पॅकेजमध्ये, म्हणजे सुरुवातीला घ्यायच्या मालाच्या संचात, घालावी काय, असा तिचा प्रश्न होता. “मामा, सही करायच्या आधी तुम्ही एकदा बघून घ्या,” एवढेच ती म्हणाली. पतसंस्थेत तीस वर्षे हिशेब लिहिल्यामुळे कागद वाचल्याशिवाय मत द्यायचे नाही, अशी मला सवय आहे. म्हणून जुळे सोलापुरात झालेल्या त्यांच्या दोन बैठकांना मी तिच्यासोबत बसलो, प्लॅनची पुस्तिका घरी आणून दोनदा वाचली आणि त्यानंतरच हे लिहायला घेतले.

बैठक वेळेवर सुरू झाली आणि बोलणारी मंडळी अदबीने वागली. पॅकेजमधील साबण व भांड्यांचे लिक्विड आम्ही वापरून पाहिले, दोन्ही ठीक आहेत. थेट विक्री, म्हणजे दुकानाऐवजी सभासदांमार्फत माल विकणे, हा व्यवसाय मुळात बेकायदेशीर नाही, हेही सांगितले पाहिजे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम काढले असून, त्यांत अशा कंपन्यांना मान्यता आहे आणि पिरॅमिड योजना, म्हणजे माल विकण्याऐवजी नवी माणसे भरती करण्यावर पैसे देणारी साखळी, चालवायला मात्र स्पष्ट मनाई आहे. त्यामुळे एकाखाली एक माणसे जोडली जातात, एवढ्यावरून मी कंपनीला दोष दिला नाही. पेआउटचा, म्हणजे सभासदांना मिळणाऱ्या कमिशनचा, पैसा कोणाच्या खिशातून येतो, हे मला शोधायचे होते.

पहिल्या बैठकीत मी बोलणाऱ्या गृहस्थांना विचारले की, सभासद नसलेल्या गिऱ्हाइकांना गेल्या महिन्यात तुम्ही किती रुपयांचा माल विकला. त्यांनी स्वतःच्या टीममध्ये किती आयडी (सभासद क्रमांक) आहेत ते सांगितले आणि नव्या गाडीचा फोटो पडद्यावर दाखवला. दुसऱ्या बैठकीत तोच प्रश्न मी त्यांच्या अपलाइनला, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या वरच्या सभासदाला, विचारला, तेव्हा “आपले सभासद हेच आपले गिऱ्हाईक” असे उत्तर मिळाले. माझ्या दृष्टीने परीक्षण तिथेच निम्मे झाले होते, कारण बाहेरचे गिऱ्हाईक नसेल, तर वरच्याला मिळणारा प्रत्येक रुपया खालच्या सभासदानेच भरलेला असतो.

उरलेले निम्मे पुस्तिकेत सापडले. जॉइनिंग फी नाही, असे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापले आहे. परंतु ९,६०० रुपयांचे पॅकेज घेतल्याशिवाय आयडी सुरू होत नाही आणि तो चालू ठेवण्यासाठी दरमहा १,५०० रुपयांची खरेदी करावी लागते. या मासिक खरेदीतील वस्तूंची यादी घेऊन मी नवी पेठेतील आमच्या नेहमीच्या दुकानात गेलो, तेव्हा त्याच उपयोगाचा आणि तेवढ्याच वजनाचा माल ७०० रुपयांत मिळाला. म्हणजे दरमहा ८०० रुपये जास्तीचे जातात. किरकोळ विक्रीवर कंपनी २० टक्के नफा देते, तेव्हा एवढा फरक भरून काढायलाच भाचीला महिन्याकाठी ४,००० रुपयांचा माल बाहेर विकावा लागेल. तो ज्या शेजारणींना विकायचा, त्याही त्याच दुकानातून सामान भरतात. सेमिनारचे तिकीट आणि पुण्याच्या फेऱ्यांचे भाडे मी यात धरलेलेच नाही.

“तुम्ही फक्त पाच जण आणा, ते पाच-पाच आणतील,” हे वाक्य दोन्ही बैठकांत पुनःपुन्हा ऐकले. मी ते कागदावर मांडून भाचीला दाखवले. आठव्या पायरीवर ३,९०,६२५ माणसे लागतात आणि नवव्या पायरीवर १९,५३,१२५. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची सगळी लोकसंख्या, तान्ह्या बाळांसह, ९,५१,५५८ होती. यापेक्षाही मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, साखळी कुठेही थांबली तरी एकूण सभासदांपैकी सुमारे ८० टक्के माणसे शेवटच्याच ओळीत असतात आणि त्यांच्याखाली कोणीही नसते. ती माणसे आळशी होती म्हणून मागे राहिली, असे बैठकीत सांगितले जाते. हे ऐकून मला मनापासून वाईट वाटले, कारण त्या खोलीत दिवसभर विड्या वळून आलेल्या बायका बसल्या होत्या.

एका डब्यातील पावडरीने मधुमेह बरा होतो, असाही दावा तिथे झाला. मधुमेह बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, शिवाय अशा बोलण्यावर विसंबून कोणी चालू गोळ्या बंद केल्या तर त्याचे काय होईल, याचा विचार बोलणाऱ्याने केलेला दिसला नाही. तसेच, माणसे भरती केल्याबद्दल पैसे देणारी योजना १९७८ च्या मनी सर्क्युलेशन (पैसा फिरवण्याच्या योजना) बंदी कायद्यात बसली, तर चालकांबरोबर तीत सभासद होणे आणि भाग घेणे हाही गुन्हा ठरतो व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या नणंदेला किंवा मैत्रिणीला खाली जोडणाऱ्या बाईला हे कोणीतरी आधी सांगायला हवे.

२०२१ च्या नियमांनुसार विक्रेत्याशी आधी लेखी करार व्हावा लागतो आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाताना विक्रेत्याजवळ ओळखपत्र असावे लागते. आम्ही कराराचा कोरा नमुना, तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि माल परत घेण्याच्या अटी लेखी मागितल्या. “आधी आयडी टाका, मग सगळे ॲपवर दिसेल,” असे उत्तर आले. पैसे भरल्यावर वाचायला मिळणाऱ्या करारावर सही करू नकोस, असे मी भाचीला सांगितले आणि तिला ते पटले. ९,६०० रुपये तिच्या पासबुकात परत जमा झाले आहेत, मशीनसाठी अजून थोडे कमी पडतात. कराराचा नमुना तीन आठवड्यांनंतरही आमच्या हाती आलेला नाही.