इन्स्टंट की फिल्टर? दोन्ही रोज वापरल्यानंतरचा अनुभव

मागच्या पावसाळ्यापासून आमच्या ओट्यावर इन्स्टंट कॉफीची बाटली आणि स्टीलचा दोन डब्यांचा फिल्टर शेजारी शेजारी आहेत, आणि दोन्ही रोज वापरात आहेत. नवऱ्याला फिल्टरची कॉफी लागते, सासऱ्यांना मागितली की लगेच हातात हवी असते, मी दोन्ही पिते. माझं मत आधी सांगून टाकते: दुधाच्या कॉफीत इन्स्टंटला फिल्टरची सर येत नाही. पण काळी कॉफी, थंड कॉफी, जायफळाची कॉफी आणि प्रवास, इथे मी आवडीने इन्स्टंट घेते.

फिल्टरला कौशल्य फारसं लागत नाही, वेळ लागतो. वरच्या डब्यात पूड घालून छत्रीने, म्हणजे फिल्टरमधल्या दांडीच्या चकतीने, हलकी दाबायची, उकळून क्षणभर निवलेलं पाणी ओतायचं, झाकण लावून सोडून द्यायचं. वीस-पंचवीस मिनिटांत खाली दाट डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, उतरतं. मी ते रात्रीच लावून ठेवते, म्हणजे सकाळी फक्त दूध तापवायचं. कॉफीतली तेलं डिकॉक्शनबरोबर दुधात येतात, त्यामुळे साईच्या दुधातही वास टिकतो. त्याच दुधात इन्स्टंट घातली तर रंग येतो, कडूपणा येतो, वास मात्र दुसऱ्या घोटाला गेलेला असतो. पूड आम्ही माटुंग्याहून आणतो. तिथे बियांचा कुठला प्रकार हवा, पीबेरी की प्लँटेशन ए, आणि चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) किती, हे विचारून समोर दळून देतात. आमचं प्रमाण ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी. एकदा नणंदेने चिखलदऱ्याहून तिथलीच पूड आणली होती, तीही बिनचिकोरीची छान लागली.

इन्स्टंटला ‘नकली कॉफी’ म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. कारखान्यातही बिया भाजून, दळून, गरम पाण्यात अर्क काढतात. मग त्यातलं पाणी काढून टाकतात. फरक कसा काढतात त्यात आहे. स्वस्त भुकटी गरम हवेत अर्काचे तुषार सोडून वाळवलेली असते आणि त्या उष्णतेत वास बराच उडतो. फ्रीझ ड्राइड प्रकारात अर्क आधी गोठवतात, मग निर्वात जागी त्यातल्या बर्फाची थेट वाफ होऊ देतात. वास जास्त राहतो, किंमतही जास्त. शिवाय बहुतेक इन्स्टंटमध्ये रोबस्टा जातीचं बी असतं, जे अरेबिका जातीपेक्षा कडक आणि कडू. हे सगळं काळ्या कॉफीत लगेच कळतं. साधी भुकटी नुसत्या पाण्यात मला पिववत नाही. फ्रीझ ड्राइड, अरेबिका लिहिलेली घेतली तर दुपारची काळी कॉफी इतकी स्वच्छ होते की त्यासाठी मी फिल्टर लावत नाही. आमच्या फिल्टरचं डिकॉक्शन पाण्यात सोडलं तर चिकोरीचा गोडसर जडपणा राहतोच.

म्हणून बाटली घेताना मागची बाजू वाचाच. ब्रू इन्स्टंट आणि नेसकॅफे सनराइज ही चिकोरीची मिश्रणं आहेत, नेसकॅफे क्लासिक निव्वळ कॉफी. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी, म्हणजे उरलेली ४९ टक्के चिकोरी असू शकते! टक्केवारी लेबलवर छापलेली असते. दुधासाठी मिश्रण चालतं, दाटपणा येतो. काळ्या कॉफीसाठी घेऊ नका.

सासऱ्यांसाठी इन्स्टंट ठेवण्यामागे वेगळं कारण आहे. त्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं, ते एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतं. कागदी फिल्टर ते अडवतो. स्टीलच्या छिद्रांना ते नीट अडवता येत नाही. इन्स्टंटमध्ये ते नगण्य असतं. कॅफिनही कमी: साधारण २४० मिलिलिटरच्या कपात इन्स्टंटचं ६० मिलिग्रॅमच्या आसपास, कागदी फिल्टरच्या कॉफीचं ९५ च्या आसपास. सासरे संध्याकाळी उशिरा कॉफी मागतात, तेव्हा मला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

जायफळाची कॉफी तर इन्स्टंटचीच करावी. दूध-साखर उकळून त्यात वेलची आणि किसलेलं जायफळ, गॅस बंद केल्यावर कॉफी. गाळायचं काम नाही, पाहुणे कितीही असोत. फेटलेली कॉफीही हिचीच होते, दळलेल्या पुडीला तसा फेस धरत नाही. ट्रेकला इन्स्टंटच्या छोट्या पुड्या नेते. हरिश्चंद्रगडावर चुलीवरच्या पाण्यात ती कॉफी फार चांगली लागते.

१९३८ साली स्वित्झर्लंडमध्ये नेसकॅफे आली, ती ब्राझीलमध्ये साठून राहिलेल्या कॉफीचं काहीतरी टिकाऊ करायचं म्हणून. टिकणं हा इन्स्टंटचा मूळ गुण, पण आपला पावसाळा तोही जोखतो. जुलैत उघडी बाटली गॅसजवळ राहिली की वाफेने भुकटीचा डांबरासारखा गोळा होतो. ओला चमचा घालायचा नाही, फ्रिजमध्ये ठेवायची नाही, मोठ्या बाटलीऐवजी ५० ग्रॅमची घ्यायची. एका कंपनीच्या पाकिटाची झिप पहिल्याच आठवड्यात निकामी झाली, तेव्हापासून मी काचेचीच घेते. फिल्टरची पूड गोळा होत नाही, पण दोन-तीन आठवड्यांत तिचा वास उतरतो. ती २०० ग्रॅमपेक्षा जास्त आणू नका.

खर्चाचं म्हणाल तर किलोच्या भावाने इन्स्टंट महाग दिसते, पण कपाला जेमतेम दोन ग्रॅम लागते. फिल्टरला आठ-दहा ग्रॅम. मधल्या काळात जगभर कॉफीचे भाव भडकले, त्याची झळ दोन्हींना बसली. सप्टेंबर २०२५ मध्ये इन्स्टंटवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला.

नवीन फिल्टर घेणार असाल तर माणसं मोजून आकार ठरवा. मोठ्या फिल्टरमध्ये थोडी पूड घातली तर पाणी भसकन खाली जातं आणि डिकॉक्शन पांचट होतं. छिद्रं बुजली तर वरचा डबा क्षणभर गॅसच्या आचेवर धरा, अडकलेली पूड जळून जाते.