इलेक्ट्रिक डबा : आठ महिने आणि एक मोहरी

ऑफिसात प्लगला लावून जेवण गरम करायच्या या डब्याला १,२९९ रुपये मोजले होते. वॅट, कप्पे, स्टील हे सगळं तुम्हाला पाठच असेल, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. हा डबा गळतो.

डोंबिवलीहून सकाळची सीएसएमटी फास्ट. लेडीज डब्यात बॅग मांडीवर घ्यायला आधी मांडी टेकायला हवी, त्यामुळे ती वरच्या रॅकवर जाते आणि रॅकवर गेलेली बॅग आडवी होतेच. ठाणं गेलं आणि खालच्या काकूंच्या खांद्यावर थेंब पडला. त्यांनी बोटाने टिपून वास घेतला. मी माफी मागतेय तोवर म्हणाल्या, "गोडा मसाला घरचा का हो?"

घरी येऊन झाकणाच्या रबरी रिंगेला धरलं. गरम पाण्यात उकळून पाहिली, उलटी बसवून पाहिली. कस्टमर केअरला चार फोन केले. "मॅम, रिंग सुटी मिळत नाही, पूर्ण झाकण घ्या." ४४९ रुपये! पंचवीस-तीस रुपयांच्या रबरासाठी! आठवडाभर नाही म्हणाले, मग घेतलं. पहिले नऊ दिवस सुखाचे गेले, दहाव्या दिवशी बॅगेतली छत्री आमटीत.

तेव्हा इथे रिव्ह्यूत एकच तारा द्यायचं ठरवलं होतं. पण मध्ये कुकर दुरुस्तीला दिला, तेव्हा जाता जाता हे झाकणही त्या दुकानदारकाकांपुढे ठेवलं. रिंग त्यांनी अंगठ्याने दाबली. "ताई, रिंग ठणठणीत आहे. ही वाफेची शिट्टी बघा." शिट्टीखालचं इवलंसं रबर सुईने उचललं, तर आत एक मोहरी. तिने फट उघडीच ठेवली होती आणि डबा आडवा झाला की आमटी तिथूनच निघत होती. जुन्या झाकणातून तीन निघाल्या. काकांनी पैसे घेतले नाहीत, फक्त हसले. ते जास्त लागलं.

तर दोन तारे वाढवते. गरम मात्र झकास करतो. पाऊण तासात भात वाफाळतो, फक्त वर चमचाभर पाणी शिंपडा, नाहीतर तळाला चिकटतो. पोळ्या आत ठेवू नका, चामडं होतं. वायर जेमतेम दीड हात, त्यामुळे ऑफिसच्या पँट्रीत प्लगखाली स्टूल लागतं. मेथीच्या दिवशी आख्ख्या मजल्याला कळतं. पण बाहेरची थाळी वाचते, म्हणजे डबा कधीच वसूल झालाय. त्या ४४९ चं दुःख वेगळं.

गंमत म्हणजे मुंबईचे डबेवाले १८९० पासून डबे नेतायत, तेही लाकडी पाटीत उभे लावून, मालडब्यातून. माझ्याकडे १,७४८ रुपयांचा ऐवज आहे आणि उभा ठेवायला जागा नाही.

आता रोज रात्री टूथपिकने शिट्टी साफ करते. सासूबाईंना म्हटलं, डब्याच्या आमटीला मोहरी नको. त्यांनी काल जिऱ्याची फोडणी दिली. जिरं आडवं अडकतं.