यामाहा एफजी-१८०, लाल लेबल: ११ महिने वाजवल्यावर

ही जुनी गिटार विकणाऱ्याने दोन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या होत्या. एक, ‘ओरिजिनल जपानी आहे’. दुसरी, ‘पुढची फळी सॉलिड स्प्रूस’, म्हणजे स्प्रूस लाकडाची एकसंध फळी. पहिली खरी निघाली. आतल्या लाल लेबलवर निप्पॉन गाक्की लिहिलंय, १९८७ पर्यंत यामाहाचं अधिकृत नाव तेच होतं. दुसरी थाप. घरी आल्यावर साउंडहोलच्या, म्हणजे पुढच्या गोल भोकाच्या, कडेवर टॉर्च मारला तर खारी बिस्किटासारखे थर दिसले. सॉलिड फळी असती तर वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरल्या असत्या. १९६६ मध्ये आलेलं हे मॉडेल मुळात प्लायचंच आहे, बिचाऱ्याला माहीत नसावं. टॉर्च दुकानातच मारायला हवा होता, हा गाढवपणा माझा.

पण खरं दुखणं प्लायचं नव्हतंच. बाराव्या फ्रेटवर (नेक म्हणजे दांडा, त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) जाड तार चार मिलिमीटर वर! एफ कॉर्ड धरला की पाच मिनिटांत मनगट भरून यायचं. एका दुकानात नेली. त्यांनी ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) आवळला, सॅडल (तारा टेकतात ती छोटी पट्टी) घासून जवळजवळ संपवलं आणि हजार रुपये घेतले. ट्रस रॉडने नेकचा बाक कमी-जास्त होतो, नेक बॉडीला ज्या कोनात बसलाय तो कोन हलत नाही. माझ्या गिटारीचा तोच बिघडला होता. पन्नासेक वर्षं तारांचा ताण सोसल्यावर दुसरं काय होणार? बारा नंबर जाडीचा सेट चढवला की सगळ्या तारा मिळून सत्तर किलोच्या वर ओढतात.

जुनी गिटार बघायला जाताना खिशात स्टीलची लांब पट्टी ठेवा. फ्रेट्सवर आडवी नाही, नेकच्या लांबीत ठेवायची. दुसरं टोक ब्रिजच्या (बॉडीवर तारा अडकवतात त्या लाकडी पट्टीच्या) माथ्याला टेकलं तर ठीक. माझ्याकडे ते ब्रिजच्या पोटात जाऊन आपटत होतं.

दुसरा कारागीर भेटला तो मितभाषी. ब्रिजच्या मागच्या कडेखाली पोस्टकार्ड सरकवून दाखवलं, अर्धा सेंटिमीटर आत गेलं. ब्रिज सुटत आला होता, पण मोत्यासारख्या दोन टिकल्यांखाली बोल्ट असल्याने तग धरून होता. नेक रीसेट करायचा, म्हणजे काढून नीट कोनात बसवायचा, तर वाफ देऊन सांधा सोडवावा लागतो, आणि त्याचा खर्च गिटारीच्या किमतीला भिडत होता. मग मधला रस्ता काढला: ब्रिज पुन्हा चिकटवला, वरून दोन मिलिमीटर रंधला, तारा अडकवायच्या पिनांच्या भोकांना खाचा पाडल्या आणि हाडाचं नवं सॅडल बसवलं. ब्रिज दोन उतरला की बाराव्या फ्रेटवर एक उतरतो, म्हणजे चारचे तीन मिलिमीटर झाले. रंधलेलं लाकूड परत येत नाही, हे त्याने दोनदा बजावलं. (यामाहाची सुरुवातही दुरुस्तीतूनच झाली. १८८७ साली तोराकुसू यामाहाने हामामात्सुतल्या एका शाळेचा बिघडलेला रीड ऑर्गन दुरुस्त केला, आपल्या संगीत नाटकांत साथीला असायचा तसला.)

आता अकरा नंबरच्या तारा लावतो आणि अर्धा सूर उतरवून ठेवतो. मित्रांबरोबर बसलो की पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), म्हणजे सूर पुन्हा जागेवर.

पावसाळा हिने मजेत काढला. भावाची सॉलिड टॉपची गिटार जुलैत ब्रिजमागे फुगली, अ‍ॅक्शन (तारांची उंची) वर गेली. माझी प्लायची ढिम्म. बुरशी मात्र केसला लागली, गिटार बाहेर काढून केस उन्हात टाकावी लागली.

आवाज? खर्जात फार खोली नाही, ते आधीच सांगतो. मधले सूर मात्र कोरडे, सुटे येतात, गाण्याखाली गर्दी करत नाहीत. बोटांनी वाजवताना मला हीच आवडते. पिकने जोरात झोडपली तर आवाज चपटा होतो.

बाराव्याच्या पुढे मी जातच नाही, तिथे तारा अजून उंच आहेत. पाचव्या तारेची खुंटी घसरते, रोज सकाळी ‘ए’ पाव सूर उतरलेला सापडतो. जुन्या भोकांच्या मापाच्या खुंट्या शोधतोय. हेडस्टॉकला (खुंट्या बसतात त्या माथ्याला) नवीन भोकं पाडायची नाहीत, एवढं ठरलंय.