टोयोटा जीटी ८६ आणि बदललेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझी जीटी ८६ ही २०१४ सालची, हाताने गिअर बदलण्याची गाडी असून इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत राहून मी ती रोज वापरतो. गेल्या जुलैत तिला टोयोटाचा नसलेला, बाहेरून घेतलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला जळलेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) बसवला. त्यानंतर सुमारे सात हजार मैल आणि मिठाने पांढऱ्या झालेल्या रस्त्यांचा एक पूर्ण हिवाळा झाल्यावर, आता ठामपणे लिहिता येईल असे वाटते.

ही गाडी ज्यांनी चालवली आहे त्यांना तिचे दुखणे ठाऊक आहे. १९९८ सीसीचे आडवे, चार सिलिंडरचे इंजिन ७००० आरपीएमला (मिनिटाला ७००० फेऱ्यांना) २०० पीएस, म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती, देते, पण साधारण ३५०० ते ४५०० आरपीएमच्या दरम्यान टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, खाली बसतो. पीक डिस्ट्रिक्टमधल्या स्नेक पासच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना नेमका हाच टप्पा लागतो. पाय पूर्ण दाबलेला असतो आणि गाडी क्षणभर श्वास रोखून धरल्यासारखी वाटते. मला वरच्या टोकाची ताकद वाढवायची नव्हती. हा खड्डा भरून काढायचा होता, आणि निवड त्याच हिशेबाने केली.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट नळीतून पुढे जाते आणि नळ्या जिथे एकत्र येतात तिथून कमी दाबाची लाट होऊन परत फिरते. इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे असताना ती पोहोचली, तर जळलेला वायू ओढून घेते आणि ताज्या हवेला वाट करून देते. ती कोणत्या आरपीएमला वेळेवर पोहोचेल, हे मुख्यतः नळीच्या लांबीवर ठरते. कंपनीच्या मॅनिफोल्डमध्ये पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) इंजिनच्या अगदी जवळ ठेवलेला असतो, कारण थंड इंजिनवर तो लवकर तापायला हवा. पण त्यामुळे नळ्यांना हवी तेवढी लांबी देता येत नाही.

असमान लांबीच्या नळ्या घेतल्या की सुबारूच्या जुन्या गाड्यांसारखा घुमणारा आवाज मिळतो आणि अनेकांना तोच हवा असतो. मी समान लांबीच्या नळ्यांचा, २०० सेलचा (चौरस इंचाला २०० छिद्रे असलेला) स्पोर्ट्स कन्व्हर्टर असलेला मॅनिफोल्ड घेतला. कन्व्हर्टर नसलेला स्वस्त पडला असता, पण एमओटीच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या गाडीच्या वार्षिक तपासणीच्या, वेळी मूळचा कन्व्हर्टर काढलेला दिसला तर गाडी नापास होते, आणि शेजाऱ्यांच्या मुलांनी तो धूर घ्यावा हेही मला मान्य नाही. विमा कंपनीला बदल आधी कळवला. हप्ता थोडा वाढला.

बसवण्याच्या कामात कोल्हापूरच्या एका मित्राची मोठी मदत झाली. या इंजिनात मॅनिफोल्ड सिलिंडर हेडला खालच्या बाजूने लागतो, त्यामुळे गाडी लिफ्टवर घेणे सोयीचे. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच तेल सोडले होते, तरी एक स्टड नटासकट बाहेर आला. ऑक्सिजन सेन्सर २२ मिलिमीटरच्या, खाच असलेल्या पान्याने सुटतो. मागची जोडणी काही मिलिमीटरने जुळत नव्हती, तेव्हा मी बोल्ट आवळून ती ओढायला निघालो. मित्राने हात धरला आणि म्हणाला, ‘‘घाई करू नकोस. सगळे ढिले ठेव, आधी हेडकडचे आवळ.’’ त्याप्रमाणे केल्यावर मागचा फ्लँज आपोआप बसला.

चूक झाली ती गॅस्केटमध्ये. मॅनिफोल्डसोबत आलेले पातळ गॅस्केट (जोडातून वायू गळू न देणारी चकती) मी वापरले आणि तिसऱ्या आठवड्यात सकाळी थंड इंजिन सुरू करताना टिक-टिक असा आवाज येऊ लागला, जो गरम झाल्यावर नाहीसा होई. खाली वाकून बॅटरी मारली तेव्हा डाव्या हेडच्या फ्लँजवर, मागच्या नटापासून निघालेली काजळीची बोटभर काळी रेघ दिसली. सेन्सरच्या आधी अशी गळती असेल तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला मिश्रण पातळ भासते आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) उगाच जास्त पेट्रोल सोडतो. टोयोटाची मूळची, अनेक पदरांची धातूची गॅस्केट घातली, पाचशे मैलांनी नट पुन्हा तपासले, आणि तो आवाज परत आलेला नाही.

नुसत्या मॅनिफोल्डने खड्डा उथळ झाला. भरला तो ईकुटेक या सॉफ्टवेअरने ईसीयूचे मॅपिंग, म्हणजे त्यातल्या पेट्रोल-ठिणगीच्या नोंदींची नव्याने जुळणी, करून घेतल्यावर. आता स्नेक पासवर तोच चढ गिअर न उतरवता निघतो आणि ४००० आरपीएमला पायाखाली सलग ओढ जाणवते. ६५०० च्या पुढे फरक आहे, पण तेवढ्यासाठी कोणी हा खर्च करू नये. मॅपिंग धरून तो दीड हजार पौंडांच्या आसपास गेला. मोटरवेवर पेट्रोलच्या खपात मला काहीच फरक आढळला नाही.

फेब्रुवारीत एमओटी झाली. वाढवलेल्या आयडलला (उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे थोडे वाढवून) कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या मर्यादेत आणि लॅम्डा (हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणाचे माप) ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान राहिला. नळ्यांना उष्णतारोधक पट्टी मी मुद्दाम गुंडाळली नव्हती, कारण ती मिठाचे पाणी धरून ठेवते. हेडजवळचे स्टेनलेस स्टील पहिल्याच आठवड्यात सोनेरी, पुढे जांभळट निळे झाले. मार्चमध्ये पाहिले तर नळ्या एकत्र येतात तिथल्या वेल्डवर चहाच्या डागासारखा तांबूस थर होता, जो भांडी घासायच्या हिरव्या घासणीने निघाला. खाली धातू शाबूत आहे.

थंड इंजिनाचा पहिला मिनिटभराचा आवाज मात्र पूर्वीपेक्षा जाड आहे. मूळ मंजुरीपेक्षा गाडीचा आवाज वाढवणारा बदल ब्रिटनमध्ये बेकायदा असल्यामुळे मागचा सायलेन्सर मी कंपनीचाच ठेवला आहे. जुना मॅनिफोल्ड तेल लावून, कापडात गुंडाळून शेडमध्ये ठेवला आहे आणि गाडी विकेन तेव्हा तो तिच्यासोबतच देईन.