नाना पेठेतलं हेल्मेटचं दुकान: डोक्याचं माप घेऊन हेल्मेट देतात

२०१९ च्या जानेवारीत पुण्यात पोलिसांनी हेल्मेटसक्ती कडक केली तेव्हा मी पण सगळ्यांसारखं रस्त्याच्या कडेला टांगलेलं २५० रुपयांचं हेल्मेट घेतलं होतं. दंडाची पावती चुकली एवढंच समाधान. मागच्या महिन्यात कात्रजला गाडी घसरली आणि ते हेल्मेट माझ्या आधी रस्त्यावर पडलं, पट्ट्याचं बक्कल प्लास्टिकचं, निघालंच. नशिबाने फक्त कोपर सोलपटलं, पण घरी येऊन आतलं अस्तर ओढून बघितलं तर नुसता फोमचा पातळ थर, धक्का झेलणारं थर्माकोल नावालाही नाही, हातपाय गार पडले माझे.

मग मित्राने नाना पेठेतल्या या दुकानात पाठवलं. दुकान छोटंसं आहे, पार्किंगची बोंब आहे, शनिवारी तर जाऊच नका. पण काकांनी आधी किंमत सांगितलीच नाही, टेप घेऊन भुवयांच्या वर डोकं मोजलं, ५८ सेंटिमीटर आलं. हेल्मेट घालायला लावलं, पट्टा बांधला, त्यात दोन बोटं घालून बघितली आणि मग मागून खालची कड धरून पुढे ढकललं, निघतंय का बघायला. पहिलं हलत होतं ते त्यांनी स्वतःच परत ठेवलं. गाल थोडे दाबले गेले पाहिजेत म्हणाले, आणि दहा मिनिटं तसंच बसवून ठेवलं, कपाळाला टोचतंय का ते कळावं म्हणून. मागचा आयएसआय मार्क, आयएस ४१५१ हा हेल्मेटच्या मानकाचा नंबर, खालचा लायसन्स नंबर, सगळं बीआयएस केअर या सरकारी मानक संस्थेच्या ॲपवर टाकून दाखवलं. मी न विचारता.

आईला पण घेऊन गेलेलो, ती मागे बसते. तिचा अंबाडा असल्यामुळे हेल्मेट वरच राहत होतं, काका म्हणाले मावशी अंबाडा मानेवर खाली घ्या नाहीतर वेणी घाला, मग बसलं व्यवस्थित. माझं १४५० ला, तिचं ११०० ला, दोन्हीचं पक्कं बिल दिलं.

खरं सांगायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये नुसतं डोक्यावर ठेवा असं म्हटलेलं नाहीये, पट्टा लावून घट्ट बांधलेलं पाहिजे असंच लिहिलंय आणि ते मागे बसणाऱ्याला पण लागू आहे, तरी चौकात बघा, अर्ध्या लोकांचे पट्टे लोंबत असतात, ते बघून आता मला राग नाही, भीतीच वाटते.

एकच तक्रार आहे. चार वर्षांवरच्या मुलांना पण हेल्मेट लागतं, माझी मुलगी सातची आहे आणि तिच्या मापाचं एकही नव्हतं. आलं की फोन करतो म्हणाले, तीन आठवडे झाले. तोपर्यंत तिला शाळेत रिक्षाने सोडतोय.