साळीतलं तणनाशक: औषध चांगलं, पण पाणी हातात हवं

किनवट भागात आमची नाल्याकाठची वावरं साळीची, बाकी सगळा कापूस नि सोयाबीन. साळीची निंदणी आणि सोयाबीनची खुरपणी एकदाच येते, तेव्हा दुप्पट रोज देऊनही बाया मिळत नाहीत. म्हणून या खरिपात बिस्पायरिबॅक सोडियम १० टक्के एससी (पाण्यात मिसळायचं द्रव तणनाशक) मारलं. आता साळ झोडून झाली, म्हणून लिहितोय.

हे उगवलेल्या तणावरचं औषध. लावणीनंतर १५ ते २० दिवसांत, सावा (साळीसारखंच दिसणारं तण) ३-४ पानांवर असताना मारायचं. एकरी १०० मिली, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला साधारण १२ मिली. माप एवढंसं बघून गडी अंदाजानं झाकण ओततात, तिथं उभं राहावं लागतं. सोबत स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव) घ्या, नोझल फ्लॅट फॅनचं, म्हणजे चपट्या फवाऱ्याचं.

खरी कसरत पाण्याची. फवारणीआधी वावरातलं पाणी काढायचं, कारण औषध तणाच्या पानावर पडायला पाहिजे. मग ४८ ते ७२ तासांत परत पाणी भरून आठवडाभर ३ ते ५ सेंमी धरायचं. आमच्याकडं वरच्या वावराचं पाणी खाली उतरतं, तेव्हा आधी वरच्या शेजाऱ्याशी बोलून घ्या. भरतेवेळी पावसानं दडी मारली, आम्ही नाल्यावर इंजिन लावलं. एका भावकीतल्यानं आभाळावर भरोसा ठेवला. त्याचा जुना सावा मेला, पण उघड्या ओलीवर नवा उगवला. जमिनीत राहून पुढचं तण अडवणं या औषधाला फारसं जमत नाही.

परिणाम सावकाश दिसतो. सुरुवातीला वाटतं, पाणीच मारलं की काय. मग शेंडा पिवळा पडतो आणि दोन-तीन आठवड्यांत सावा बसतो. साळही जराशी पिवळी पडते, आपोआप सावरते. त्या भीतीनं युरिया फेकायची गरज नाही. साळीत लपलेला सावा ओळखायला पानाचा सांधा बघा: साळीला तिथं पातळ पापुद्रा असतो, साव्याला नसतो.

लेप्टोक्लोआ जातीचं बारीक तुऱ्याचं गवत मात्र तसंच उभं राहिलं, ते हातानंच उपटलं.

सोयाबीनला इमेझेथापायर तणनाशक मारलेला पंप न धुता साळीत नेऊ नका, साळीला इजा होते. दोन्ही औषधं एकाच गटातली, तणाचं एकच एन्झाइम बंद पाडणारी. दरसाल हेच मारलं तर तण निबर होणार. पुढच्या खरिपात लावणीनंतर लगेच, पाणी उभं असताना प्रेटिलाक्लोर (तण उगवायच्या आधीचं तणनाशक) टाकणार. बिस्पायरिबॅक मागाहून लागलंच तर.